भरती झालात, आता कलम ३५ ते ५८ वाचून काढा

आमच्या कोल्हापूर भागातली बरीच पोरं-पोरी पोलीस भरतीत निघाली, पोरांनी सोळाशे, पोरींनी आठशे मीटर आणि गोळाफेकीसाठी लई घाम गाळलाय त्यांनी, आता ट्रेनिंगला कुणी तुरचीला जाईल कुणी सोलापूरला. भेटायला आली की प्रश्न एकच, काका पीटी लई कडक असते का. पीटीचं काय नाही रे, शरीर होतंय तयार. मी खात्यात शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो आणि मला मनापासून वाटतं की भीती बाळगायचीच असेल तर कायद्याच्या तासाला डुलकी लागायची बाळगा. चौकशीत अडकलेले जे पोलीस मी जवळून बघितले त्यांच्यातले बहुतेक अंगाने धट्टेकट्टे होते, कागद कच्चा होता म्हणून अडकले.

पहिली गोष्ट, १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्ट जाऊन भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आलेत. पोलीस ठाण्यात जुनी माणसं अजून तीनशे दोन, चारशे वीस, तीनशे त्रेपन्नच म्हणतात, जिभेवर बसलंय ते. तुम्ही मात्र न्याय संहितेतलं खुनाला १०३, फसवणुकीला ३१८ आणि सरकारी नोकरावर हल्ल्याला १३२ असंच पाठ करा. आणि १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला कलमं जुनीच लागतात हेही ध्यानात ठेवा, कारण जुन्या केसचं समन्स घेऊन तुम्हाला जायचं आहेच.

आता अटक. मथळ्यातली कलम ३५ ते ५८ ही नागरिक सुरक्षा संहितेतली अटकेची कलमं, आणि इथून पुढं नुसता कलम नंबर आला तर तोही त्याच संहितेतला धरा. नवीन पोराला वाटतं गुन्हा दाखल झाला की आरोपी उचलायचा, तसं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे ते लेखी मांडावं लागतं, नाहीतर कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, त्याने हजर राहायचं, विषय संपला. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला अर्नेश कुमार केसमध्ये हे ठणकावून सांगितलंय आणि न पाळणाऱ्या पोलिसावर खात्याची कारवाई आणि कोर्टाचा अवमान दोन्ही लागू शकतं असंही सांगितलंय. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल तर डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) साहेबांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही, अगदीच तशी वेळ आली तर महिला अधिकाऱ्याने लेखी रिपोर्ट करून मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. आणि साक्षीदार म्हणून बाईला, साठीच्या पुढच्या माणसाला किंवा पंधरा वर्षांखालच्या पोराला पोलीस ठाण्यात बोलवायचं नाही, जबाब घ्यायला आपण त्यांच्या घरी जायचं. रात्री साडेदहाला एखाद्या म्हातारीला जबाबासाठी गाडीत घालून आणणं ही हुशारी नाही, कलम १७९ चा भंग आहे.

अटक करताना छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे. अटक फॉर्म जागेवर भरायचा, घरातला एक जण किंवा त्या गल्लीतला प्रतिष्ठित माणूस साक्षीला आणि खाली आरोपीची सही. नातेवाइकाला कळवलं कोणी, किती वाजता, कोणत्या नंबरवर, हे स्टेशन डायरीत. अटकेची कारणं त्याला कळेल अशा भाषेत लेखी द्यायची, २०२५ ला सुप्रीम कोर्टाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलंय. आपल्याकडं एमआयडीसीत बिहार-यूपीची पोरं आहेत, गडहिंग्लज-चंदगडकडं कन्नड बोलणारी माणसं आहेत, त्यांच्या हातात मराठी कागद देऊन सही घेतली की झालं असं होत नाही. मेडिकल करायचं, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचं, प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा.

चोवीस तासांवरून एक सांगतो. संध्याकाळी माणूस आणायचा, चौकशीला बोलावलंय म्हणून रात्रभर बाकड्यावर बसवायचा आणि सकाळी नऊची अटक दाखवायची, हे कुणी करायला सांगितलं तर तुम्ही त्याचा भाग होऊ नका. त्याला उठून जाता येत नसेल तर तो ताब्यातच आहे. ठाण्यात सीसीटीव्ही आहेत, २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने लॉकअप, व्हरांडा, गेट सगळीकडं असायला पाहिजेत आणि त्याच्या खिशातल्या मोबाईलचं लोकेशन तर कुणाला पुसता येत नाही. शिपायाने साहेबाला उलट बोलावं असं मी म्हणत नाही, पण "साहेब गुन्हा नंबर काय लिहू, डायरीला नोंद कितीची करू" एवढं अदबीनं विचारायचा हक्क सगळ्यात खालच्या माणसालाही आहे आणि बऱ्याच वेळा त्या एका प्रश्नानं काम सरळ होतंय.

आणि आता तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आपल्या कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोर बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सहा जिल्हे. आधी बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागायला माणसाला मुंबई गाठावी लागायची, वकील, भाडं, राहायचं, गरीब माणूस तिथंच गप्प बसायचा. आता शाहूवाडीचा शेतकरी सकाळच्या एसटीने येऊन दुपारपर्यंत याचिका दाखल करू शकतोय. मला याचा खरंच आनंद झाला. चांगलं काम करणाऱ्या पोलिसाला यात घाबरायचं काही कारण नाही, त्याचा कागद बोलतो.

लॉकअप गार्डची ड्युटी सगळ्यात कंटाळवाणी वाटते आणि नोकरी जाण्याचा धोका तिथंच सगळ्यात जास्त, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो. आत घालायच्या आधी झडती नीट, बेल्ट, नाडा, बुटाची लेस, टॉवेल, सगळं काढून घ्यायचं आणि मुद्देमालासारखं लिहून ठेवायचं. खिशात हात घालायच्या आधी विचारायचं, सुई-ब्लेड काही आहे का, आणि ग्लोव्हज घालायचे, टोचलं तर तुम्हाला आयुष्यभराचं दुखणं लागू शकतं. दारू प्यालेला म्हणून आणलेला माणूस बडबडत असेल, ओकत असेल, झोपाळलेला असेल तर ती फक्त दारू आहे असं कधीच धरायचं नाही. डोक्याला आतून मार लागला की माणूस असाच वागतो, शुगर कमी झाली तरी असाच वागतो. त्याला आधी दवाखान्यात न्यायचं, मग लॉकअप. आत झोपला तर कुशीवर झोपवायचा म्हणजे उलटी घशात अडकत नाही आणि थोड्या थोड्या वेळाने नुसतं गजातून बघायचं नाही, हाक मारून त्याच्याकडून उत्तर घ्यायचं, हूं म्हणाला तरी चालेल पण आवाज आला पाहिजे. घोरणं वेगळं आणि घरघर वेगळी. कुणाला धरताना पालथा पाडून पाठीवर गुडघा देऊन बसायचं नाही, श्वास कोंडून माणूस मिनिटांत जातो, बेड्या लागल्या की लगेच कुशीवर करून बसता करायचा. बेड्याही सरसकट नाहीत, कलम ४३(३) मध्ये सराईत, ताब्यातून पळालेला, खून, बलात्कार, ड्रग्ज अशी यादी दिलीय ती बघा.

लाठीचार्ज करायचा निर्णय शिपायाचा नसतो. जमाव पांगवायचा हुकूम कार्यकारी मॅजिस्ट्रेट, ठाण्याचा प्रभारी, तो नसेल तर किमान पीएसआय देतो. हुकूम आला तरी काठी कमरेखाली. महाद्वार रोडला विसर्जनाच्या रात्री पोरं अंगावर येतात, डीजे कानात घुमत असतो, आपण पहाटेपासून उभे असतो, अशा वेळी डोक्यावर बसलेला एक फटका दोन घरं उद्ध्वस्त करतो.

नाकाबंदीबद्दल एवढंच की येणाऱ्या गाडीच्या समोर उभं राहायचं नाही. हायवेवर ट्रक शंभर फुटांत थांबत नसतो, ड्रायव्हर झोपेत असतो. रिफ्लेक्टर जॅकेट, बॅरिकेड नागमोडी, आपली गाडी आडोशाला आणि न थांबणाऱ्या गाडीपुढं आडवं न पडता नंबर घेऊन पुढच्या पॉइंटला वायरलेस. कागलच्या नाक्यावर असाल आणि कुणी निपाणीत लुटला म्हणून रडत आला तर "हद्द कर्नाटकची, तिकडं जा" म्हणायचं नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द आपली नसली तरी घ्यायची फिर्याद, आता कलम १७३ मध्येच लिहिलंय, फिर्याद घ्यायची, तिकडं पाठवायची, फिर्यादीला प्रत फुकट द्यायची.

आपल्याकडं महापुराचा बंदोबस्त ठरलेलाच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका, २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. लाईफ जॅकेट नसेल तर बोटीत चढायचं नाही, जड बूट काढायचे आणि बोटीत क्षमतेपेक्षा एक माणूसही जास्त घ्यायचा नाही, लोकांनी शिव्या दिल्या तरी. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला २०१९ च्या पुरात भरगच्च बोट उलटली, किती माणसं गेली आपण सगळ्यांनी बघितलंय. तिथं अडवून धरणारा कुणी खाकीतला असता तर, असं मला अजून वाटतं.

मोबाईलचंही बोलायलाच पाहिजे. झडती, जप्ती, पंचनाम्याचं व्हिडिओ शूटिंग आता कलम १०५ प्रमाणे करावंच लागतं, पण ते कोर्टासाठी आहे, मित्रांच्या ग्रुपसाठी नाही. अत्याचार झालेल्या मुलीचं नाव, फोटो, गावाचा पत्ता बाहेर गेला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती पोलिसालाही आहे. लहान मुलाचा पोक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा) जबाब असेल तर वर्दी घालून समोर बसायचं नाही, साध्या कपड्यात, त्याच्या घरी, आई किंवा त्याचा विश्वास असलेलं माणूस जवळ ठेवून.

ट्रेनिंगला जायच्या आधी ज्यांना कोरा अटक फॉर्म आणि स्टेशन डायरीची नोंद कशी लिहायची ते बघायचंय त्यांनी रविवारी सकाळी पळून झालं की रंकाळ्यावर मला गाठा. वही-पेन घेऊन या, नुसतं ऐकून हे हातात बसत नाही, दोन-चार नोंदी स्वतः लिहून बघायला लागतात.