पाच फुटी मशीन आणि नागपूरचा मे महिना

नागपुरात कुणाला सांगितलं की प्रिंटिंग मशीन घेतोय, की समोरचा लगेच विचारतो, "दहा फुटी ना?" शहराला सवयच तशी आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, दहावीचा निकाल, सगळं फ्लेक्सवर. मी पाच फुटी इको सॉल्व्हंट घेतलं, म्हणजे पाच फूट रुंद रोलवर सौम्य सॉल्व्हंट शाईने छापणारं मशीन. का, ते आधी सांगतो, कारण नव्या माणसाचे पैसे इथेच अडकतात.

माझं दुकान मानेवाडा रोडच्या बाजूला. सुरुवात रेडियम कटिंगपासून झाली: नंबर प्लेट, गाड्यांच्या पट्ट्या, ऑटोवरची नावं. पुढे दुकानांचे बोर्ड करू लागलो. डिझाइन माझं, फ्रेम माझी, लावणारी पोरं माझी, प्रिंट मात्र बाहेरून. २०२२ च्या मार्चमध्ये राज्याच्या दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असून चालणार नव्हतं. मुंबईतले व्यापारी सुप्रीम कोर्टात गेले, तर २०२३ च्या सप्टेंबरात कोर्टानेच दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं. मग काय, सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत सगळ्यांना बोर्ड एकाच वेळी हवे. फ्लेक्सवाल्यांकडे रांग. माझ्या फ्रेम वेल्डिंग होऊन उभ्या आणि प्रिंट "उद्या सकाळी पक्का". गिऱ्हाईक शिव्या मला देणार, प्रिंटवाल्याला नाही. मशीन घ्यायचं ठरलं ते या वैतागातून.

आता रुंदीचं गणित. जुन्या बिलांची फाईल काढली आणि मी लावलेल्या बोर्डांची मापं एका कागदावर उतरवली. दुकानाचा बोर्ड लांब असतो, उंच नसतो. शटरच्या वर जागाच अडीच ते चार फुटांची मिळते. लांबी आठ असो की पंधरा. रोल लांबीत कितीही चालतो, म्हणून बोर्डाची उंची रोलच्या रुंदीत बसवायची. चार फूट उंच, पंधरा फूट लांब बोर्ड पाच फुटी मशीनवर विनाजोड निघतो, वर कडा मागे दुमडायला जागाही उरते. दहा फुटी लागते ती होर्डिंगला आणि चौकातल्या कमानीला. ते माझं काम नव्हतंच. एका ओळखीच्या फ्लेक्सवाल्याने विचारलं, "काहून पाच फुटी घेऊन राहिला बे? कोणी दहा बाय वीस मागितला तं काय करशील?" म्हटलं, तुमच्याकडेच पाठवीन ना भाऊ. अजूनही पाठवतो.

दुसरं कारण वासाचं. दहा फुटी मशीन बहुतेक पूर्ण सॉल्व्हंटवर चालतात आणि त्या शाईचा वास डोळ्यांत झोंबतो. माझ्या दुकानावर घर आहे, घरात आई आहे. इको सॉल्व्हंटलाही वास येतोच, 'इको' वाचून फसू नका, एक्झॉस्ट लावावाच लागतो; पण माणूस दिवसभर बसू शकतो.

मग हेड, म्हणजे बारीक छिद्रांतून (नोझलमधून) शाई फवारणारा भाग. चिनी मशीनमध्ये हेड बहुतेक एप्सनचंच असतं, पण कोणतं, हे विचारलंच पाहिजे. एक्सपी ६०० हे मुळात टेबलावरच्या छोट्या प्रिंटरसाठी बनलेलं हेड. १०८० नोझल, स्वस्त, बदलायला सोपं. आय ३२०० मोठ्या मशीनसाठीच बनवलेलं. ३२०० नोझल, वेग जास्त, पण हेड गेलं तर खिशाला मोठं भोक. रोलँड, मिमाकी ही जपानी मशीन उत्तमच, माझ्या बजेटच्या बाहेरची. मी एका आय ३२०० हेडचं चिनी मशीन घेतलं. सेकंड हँडही दाखवलं गेलं, भाव चांगला होता, पण पहिलंच मशीन जुनं घ्यायला मन धजेना. बिघाड मशीनचा आहे की आपल्या हाताचा, हे ओळखायलाच आधी थोडा सराव लागतो.

डेमोला जाताना आपली फाईल आणि आपलं विनाईल, म्हणजे छापायची चिकट शीट, घेऊन जा. डीलरकडे पोपट, फुलं आणि हसणाऱ्या बाईचा फोटो तयार असतो. त्यात हेडच्या फेऱ्यांच्या आडव्या लाइन दिसतच नाहीत. मी नेलेल्या फाईलमध्ये तीस टक्के करड्या रंगाचा सपाट पट्टा, गडद निळा, भगवा, पांढऱ्याकडे जाणारा उतरता रंग आणि अर्ध्या सेंटीमीटर उंचीची मराठी ओळ होती. करडा पट्टा सगळ्या लबाड्या उघड्या पाडतो. चार पासला, म्हणजे एका जागेवरून हेड चार वेळा फिरवून, आडव्या लाइन दिसल्या, सहाला जवळपास गेल्या, आठला साफ. मग वेग विचारायचा तो सहा पासचा. ब्रोशरमधला ताशी वेग सगळ्यात घाईच्या मोडचा असतो आणि त्या मोडमध्ये काढलेला प्रिंट गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही.

कर्ज मुद्रा योजनेतून घेतलं, तरुण गटात, म्हणजे पाच ते दहा लाखांचं. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. कोटेशन, दोन-तीन वर्षांचे रिटर्न, प्रोजेक्ट रिपोर्ट. बँकेने चकरा मारायला लावल्या, पण दिलं. या विषयावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बोलण्यासारखी आहे ती अर्थिंग. मशीन येण्याआधी डीलरचा इंजिनियर जागा बघून गेला आणि मीटर लावून म्हणाला, न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज तीनच्या आत पाहिजे. आमच्याकडे त्याच्या कितीतरी वर. घराच्या अर्थिंगवर फ्रिज, कूलर, मोटर चालते, म्हणून आपल्याला वाटतं सगळं बरोबर आहे. हेडचं कार्ड मात्र नाजूक असतं, आणि अर्थिंग खराब म्हणून कार्ड उडालं तर वॉरंटीवाले हात वर करतात. मशीनसाठी वेगळा खड्डा केला, तांब्याची प्लेट, मीठ, कोळसा. वायरमन म्हणाला, "उन्हाळ्यात पाणी टाकत राहा, नाही तं काही कामाची नाही हे." खरं आहे. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, सुकते आणि प्लेटपासून सुटते. आता कुंड्यांना पाणी घालताना आई अर्थिंगच्या खड्ड्यातही बादली रिकामी करते. सोबत ऑनलाइन यूपीएस घ्या. प्रिंटच्या मध्येच लाईट गेली तर प्रिंट जातो तो जातोच, वर हेड कॅपवर, म्हणजे त्याच्या रबरी झाकणावर, न बसता उघडं राहतं आणि वाळतं.

मशीन बसल्यावर पहिले काही दिवस विकायचं काहीही छापलं नाही, नुसते कॅलिब्रेशनचे पट्टे. हेड जाताना आणि येताना छापतं, त्या दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. स्टेप, म्हणजे प्रत्येक पासनंतर मटेरियल किती सरकतं, ते जुळवायचं. कमी असेल तर गडद रेघ, जास्त असेल तर पांढरी. ही स्टेप एकदा लावली की झालं असं नसतं. ग्लॉस विनाईलची वेगळी, काचेवर लावायच्या छिद्रांच्या वन वे व्हिजनची वेगळी, मागून दिवा लागणाऱ्या बॅकलिट फ्लेक्सची वेगळी. भिंतीवर एक कागद चिकटवला आहे: मटेरियल, स्टेप, हीटर, पास, रंगांचं प्रोफाइल. ज्या दिवशी माझ्याकडचा पोरगा मला न विचारता त्या कागदावरून काम करू लागला, त्या दिवशी मशीन खरं सुरू झालं असं मी धरतो.

रंगांत नागपूरची परीक्षा दोनच रंग घेतात, भगवा आणि निळा. भगवा तसा ऐकतो; मॅजेंटा (गुलाबी शाई) साठ टक्क्यांच्या आसपास, पिवळा शंभर. निळा मात्र छळतो. अशोक विजयादशमीच्या आधी दीक्षाभूमीला येणाऱ्या लोकांसाठी स्वागताचे, भोजनदानाच्या स्टॉलचे, पुस्तकांच्या दुकानांचे बोर्ड निघतात. स्क्रीनवर सुंदर दिसणारा निळा सायन (आकाशी शाई) शंभर, मॅजेंटा शंभर दिला की विनाईलवर जांभळा उतरतो, आणि तिथे जांभळा कोण चालवून घेईल? मॅजेंटा साठ-पासष्टवर आणला की निळा निळा दिसतो. मी वेगवेगळ्या टक्केवारीच्या निळ्या चौकोनांचा एक तक्ता छापून ठेवला आहे, खाली आकडे लिहिलेले. गिऱ्हाइकाने मोबाइलवर रंग दाखवला तर मी तो तक्ता पुढे करतो. बोट ठेवा म्हणतो. वाद तिथेच मिटतो. काळ्याचंही तेच: नुसता काळा शंभर मोठ्या जागेत करडा वाटतो, त्यात सायन साठ, मॅजेंटा चाळीस, पिवळा चाळीस घालतो. बारीक अक्षरांना मात्र नुसता काळाच, नाहीतर कडा फुटतात.

मराठी अक्षरांसाठी एक नियम घरात पक्का आहे: रिपमध्ये, म्हणजे मशीनला फाईल देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फाईल जाण्याआधी सगळा मजकूर कर्व्ह झालाच पाहिजे, म्हणजे अक्षरांचं चित्र झालं पाहिजे. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये नाव पाठवतं, आपण श्रीलिपी फॉन्टमध्ये बसवतो, डिझाइनच्या कोरल ड्रॉची जुनी आवृत्ती जोडाक्षरं तोडते, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. दुकानाचं नाव गिऱ्हाइकाच्या हाताने कागदावर लिहून घ्यायचं, प्रूफवर सही घ्यायची, मगच प्रिंट. 'स्वीट' की 'स्वीटस्', 'आणि' की 'अँड', हे त्याने ठरवायचं, आपण नाही.

आता मे महिना. मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की खोलीत आर्द्रता चाळीस ते साठ टक्के ठेवा. नागपुरात मेच्या दुपारी पारा ४५ च्या वर आणि हवेत ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली. एसी लावला तर गारवा येतो, पण हवा आणखी कोरडी होते. कोरड्या हवेत दोन गोष्टी होतात. नोझलच्या तोंडाशी शाई वाळते, सकाळच्या नोझल चेकमध्ये तुटक रेघा येतात. आणि विनाईल रोलमधून सुटताना स्थिर वीज तयार होते, धूळ ओढली जाते, शाईचे बारीक तुषार जागा सोडून भलतीकडे पडतात. अक्षरांच्या कडा धुरकट दिसू लागल्या की समजायचं. इथल्या माणसाला यावर एकच उपाय सुचतो, कूलर. कूलर मशीनच्या तोंडावर लावायचा नाही, त्याचा वारा हेडवरून जातो आणि खसाचा कचरा उडतो. माझा कूलर बाहेरच्या खोलीत चालतो, मधलं दार अर्धं उघडं, आत एसी सव्वीसवर, सकाळ-दुपार ओल्या फडक्याने फरशी पुसणं. भिंतीवर दोनशे-तीनशेला मिळणारा आर्द्रतेचा मीटर. चाळीसच्या खाली काटा गेला की पोरगा आपणहून बादली आणतो.

हेडसाठी रोजचं काम थोडंच आहे, पण चुकवायचं नाही. सकाळी नोझल चेक, संध्याकाळी कॅपची कड आणि वायपर क्लिनिंग सोल्यूशनने पुसणं, काम नसलं तरी चारही रंगांचा एक बोटभर पट्टा छापणं. नोझल गेली की लोक क्लिनिंगवर क्लिनिंग मारतात. त्यात शाई बाटलीभर वाया जाते आणि कॅप सैल असेल तर काहीच ओढलं जात नाही. आधी कॅप बघा, मग डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी), हेडचा नंबर शेवटी.

उन्हाळा संपला की उलटं होतं. पावसाळ्यात प्रिंट हाताला कोरडा लागतो, आत सॉल्व्हंट असतोच. गरम असतानाच लॅमिनेशन केलं तर खाली बुडबुडे येतात, कडा गुंडाळतात. चोवीस तास प्रिंट सैल गुंडाळून उभा ठेवायचा, जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून जास्त. गिऱ्हाइकाला तारीख देताना हा दिवस धरूनच द्यायची. आणि लॅमिनेशन टाळू नका. नागपूरच्या उन्हात पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतो, सायन टिकतो. चौकातले जुने फोटो निळसर पडलेले दिसतात ते त्यामुळे. लावायचं काम मेमध्ये सकाळी नऊच्या आत. बोर्डाच्या तापलेल्या एसीपी पत्र्यावर विनाईलचा गोंद असा पकडतो की सुरकुती काढायला दुसरी संधी देत नाही.

भाव कसा काढायचा, हे नवे लोक हमखास विचारतात. शाई साधारण चौरस मीटरला दहा मिली लागते, म्हणजे चौरस फुटाला एक मिलीच्या आसपास. लिटरचा भाव भागिले हजार, हा फुटाचा शाईखर्च. तो पाहून माणूस खूश होतो आणि रेट पाडून बसतो. खरा खर्च रोलच्या कडेला असतो. रोल तीन, चार, पाच फुटांचे येतात; गिऱ्हाइकाचा बोर्ड तीन फुटांचा, दुमडायला जागा हवी म्हणून लागतो चार फुटांचा रोल, आणि उरलेली पट्टी तुमच्या माथी. म्हणून बिल मटेरियलच्या रुंदीवर करायचं, बोर्डाच्या नाही. उरलेल्या पट्टीत मी "उधार बंद", "पार्किंग", "ढकला" असली छोटी स्टिकरं बसवून टाकतो, ती काउंटरवर विकली जातात.

नुसत्या प्रिंटचा रेट नागपुरात इतका घासला गेलाय की त्यावर हप्ता निघत नाही. माझा हप्ता निघतो तो लावून दिलेल्या बोर्डावर: फ्रेम, प्रिंट, लॅमिनेशन, एलईडी, चढवणं, सगळं एका रकमेत. नुसता प्रिंट मागायला आजूबाजूचे रेडियमवाले येतात. त्यांना चारनंतरची वेळ देतो, तोवर मशीनवर आमचे बोर्ड असतात.