23 टनांचा डबा

मागच्या महिन्यात एका यार्डाच्या कडेला, गवतात उभा असलेला एक जुना पार्सलचा डबा पाहिला आणि पाय तिथेच थांबले. चाकांना गंज, बाहेरचा रंग पापुद्र्यांसारखा सुटलेला. आत आता फावडी, दोरखंड, रंगाचे डबे ठेवतात. पण बाजूच्या पत्र्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती : व्हीपीयू, म्हणजे पार्सलच्या डब्याची खूण, आणि खाली भारक्षमता 23 टन. नातवाला वाटलं आजोबांना ऊन लागलं.

मी 1984 साली नाशिक रोडला पार्सल क्लार्क म्हणून लागलो आणि सगळी नोकरी पार्सलातच काढली. लोकांना गाडी म्हटलं की इंजिन आठवतं, आमच्या डोळ्यांपुढे एसएलआर येतो. गाडीच्या दोन्ही टोकांना असणारा गार्डाचा डबा तो. त्यात मालाचे कप्पे, एकेका कप्प्यात साधारण 4 टन माल. पूर्ण डबाच मालाचा असेल तर व्हीपी. स्टेशनवर कोणी 'पार्सल व्हॅन' म्हणत नसे. 'पुढचा भरला का? मागचा उघडा आहे का?' एवढीच आमची भाषा.

फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे द्राक्षांचा हंगाम. संध्याकाळपासून लाकडी पेट्या यायला लागायच्या. हुंडेकऱ्याची, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या दलालाची माणसं, बागायतदार, टेम्पोवाले, सगळे एकदम काट्यासमोर. वजन करायचं, पावती फाडायची, पेटीवर ब्रशने काळ्या शाईत मार्का टाकायचा. नागपूरला एनजीपी, हावड्याला एचडब्ल्यूएच. द्राक्षांचा गोडसर वास आणि शाईचा वास एकत्र झाला की तो हंगामाचा वास. आजही शाईची बाटली उघडली की मला द्राक्षं आठवतात.

हावडा मेल फार थोडा वेळ थांबायची. तेवढ्यात डब्याचं दार उघडायचं, इथला माल उतरवायचा, आपला चढवायचा आणि गार्डाच्या हातात कागद द्यायचे. हमाल साखळी करून उभे राहायचे, पेट्या हातातून हातात जायच्या. यात एक शास्त्र आहे. सगळ्यांत लांबचा माल सगळ्यांत आत, जवळचा दाराशी. डबा भरणं म्हणजे पुढच्या सगळ्या स्टेशनांवर काय होणार ते आधीच डोक्यात मांडणं.

1987 साली हेच माझ्या हातून चुकलं. नागपूरच्या पेट्या आधी आत गेल्या, हावड्याच्या त्यांच्यापुढे रचल्या गेल्या. नागपूरला गाडी सुटेपर्यंत आतल्या पेट्यांपर्यंत कोणाचा हात पोचला नाही. माल सरळ हावड्याला गेला आणि परत आला तेव्हा पेट्यांतून रस गळत होता. बागायतदार आला. रागावला नाही, नुसता पेटीकडे बघत उभा राहिला. 'बाबू, वर्षाचा घास आहे हा,' एवढंच म्हणाला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत गाडी हलायच्या आधी मी स्वतः दारातून आत डोकावल्याशिवाय सील लावू दिलं नाही.

डबा म्हणजे नुसता पत्रा नसतो. मासळीच्या टोपल्यांतलं खारं पाणी डब्याच्या तळात मुरतं आणि तिथून गंज वर चढतो. म्हणून खालचा पत्रा आधी सडतो, छत शाबूत राहतं. बदलीवर जाणाऱ्यांच्या मोटरसायकली पेट्रोल काढून, गवत आणि गोणपाटात गुंडाळून यायच्या, त्यांच्या हँडलांनी भिंतीला पडलेले खड्डे मी नुसत्या उंचीवरून ओळखायचो. पुढे एसएलआरचे कप्पे ठेकेदारांना भाड्याने जाऊ लागले, काटा कॉम्प्युटरला जोडला गेला. त्याला माझी ना नाही. प्रवाशांचे म्हातारे डबे खिडक्या बंद करून, टोकांना दारं बसवून मोटारी वाहायला लावतात, त्यांना एनएमजी म्हणतात. हीही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते.

7 ऑगस्ट 2020 ला नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी खास गाडी, सुटली, 1,519 किलोमीटर, सुमारे 32 तासांचा प्रवास. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. टीव्हीवर डबे सरकताना पाहिले आणि उठून उभा राहिलो.

दिल्लीच्या चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालय मी दोनदा पाहिलं आहे. 1855 चं फेअरी क्वीन इंजिन, 1875 चं प्रिन्स ऑफ वेल्सचं सलून, म्हणजे त्याचा खास प्रवासाचा डबा, पतियाळाची मोनोरेल. सलूनची लाकडी कारागिरी पाहून मान झुकते. पण राजा एकदा प्रवास करतो, द्राक्षं दरवर्षी करतात. ज्या डब्याने बागेतलं पीक बाजारात नेलं, त्यालाही छपराखाली जागा मिळायला हवी. आणि जपायचा तर नवा कोरा करून नको, आत टेबलं मांडून हॉटेल करून तर मुळीच नको. सडलेला पत्रा बदलावा, दार सरकेल इतपत ग्रीस द्यावं, बाकी खड्डे तसेच ठेवावेत.

त्या यार्डातल्या डब्याचं दार दोघांनी ओढल्यावर उघडलं. दाराच्या आतल्या अंगाला, छातीच्या उंचीवर, रंग ओरखडून केलेल्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांवर एक तिरकी. पुन्हा चार, पुन्हा तिरकी. हमालाने हुकाच्या टोकाने मोजलेले नग. मी बोट फिरवून मोजले : 185, आणि शेवटी दोन सुट्या रेघा.

तिथला तरुण सुपरवायझर म्हणाला, 'काका, दिवाळीआधी आतून रंग देणार आहोत.'

'द्या,' मी म्हटलं, 'पण हे दार तेवढं सोडा.'

त्याने वाकून त्या रेघा पाहिल्या. मग खिशातला खडू काढून त्याने त्यांच्याभोवती चौकोन आखला आणि खाली लिहिलं : रंग नको.