देले बी २: लेखनात अडकले ते जोडशब्दांच्या झेरॉक्समुळे

स्पॅनिशची देले परीक्षा, बी २ पातळी, पास झाले. वाचन, श्रवण, तोंडी यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. सांगायचंय ते लेखनाबद्दल, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही.

८० मिनिटांत दोन मजकूर, प्रत्येकी १५० ते १८० शब्द. पहिल्यासाठी आधी काहीतरी ऐकवतात आणि त्यावर पत्र लिहायचं असतं. गुण चार निकषांवर देतात, त्यातला एक सुसंगती. क्लासमध्ये माझ्या प्रत्येक वहीवर तोच लाल शेरा: ‘वाक्यं सुटी वाटतात.’ उपाय म्हणून जोडशब्दांचा एक झेरॉक्स मिळाला. सिन एम्बार्गो (तरीही), पोर लो तान्तो (म्हणून), आदेमास (शिवाय). मी ते सढळ हाताने पेरले. वाक्यं सुटीच. सरांना विचारलं तर म्हणाले, “अजून कनेक्टर घाल.” अहो, किती घालू?

गाठ सुटली ती बातम्या वाचताना. जून २०२४ मध्ये बार्सेलोनाचे महापौर जाउमे कोलबोनी यांनी जाहीर केलं, की पर्यटकांना भाड्याने देण्याच्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवणार. यापुढचं वाक्य मी ‘एस्तो’ (हे) असं सुरू केलं असतं. व्याकरणात बसतं, पण ‘हे’ म्हणजे नेमकं काय? घोषणा, परवाने की फ्लॅट? स्पॅनिश बातमीदार तिथे ‘एस्ता मेदीदा’ लिहितो, म्हणजे ‘ही उपाययोजना’. मागचं अख्खं वाक्य एका भाववाचक नामात कोंबलं आणि पुढे निघाला. जोडशब्दाची गरजच नाही.

आणि ते नाम बाजूही घेतं. फ्लॅटमालक त्याच घोषणेला ‘एस्ता प्रोइबिसिओन’ (ही बंदी) म्हणेल, फारच चिडला तर ‘एस्ते आताके’ (हा हल्ला). भाडं परवडेनासं झालेला रहिवासी म्हणेल ‘एस्ता सोलुसिओन’ (हा तोडगा). ‘पोर लो तान्तो’ला हे कधी जमायचं नाही. आपल्याकडे ‘घडल्या प्रकाराबद्दल’ लिहिलं की बातमीदाराचं नाक मुरडलेलं दिसतंच की! वर्षभर क्लासची फी भरली, हे कुणी सांगितलं नाही.

मग सराव बदलला. क्रियापद आलं की पुढच्या वाक्यात त्याचंच नाम. भाडी वाढली, सुबिएरोन लोस आल्किलेरेस. पुढे ‘एस्ता सुबीदा’, ही वाढ. परीक्षेत ऑडिओ ऐकतानाच समासात नामं टिपून ठेवली: तक्रार, विलंब, प्रस्ताव. पत्र त्यांच्यावरच उभं राहिलं. आणि ‘कोसा’ (गोष्ट) टाळा. त्यात काहीही मावतं, म्हणून ते काहीच सांगत नाही.

हो, लिंग सांभाळा. प्रोब्लेमा (समस्या) आणि तेमा (विषय) ‘आ’कारान्त असूनही पुल्लिंगी, म्हणून ‘एस्ते प्रोब्लेमा’. औपचारिक पत्रात ‘दिचा मेदीदा’ (सदर उपाययोजना) शोभतं, पण त्याआधी ‘ला’ (इंग्रजी ‘द’सारखं उपपद) लावायचं नाही, आणि एका पत्रात एकदाच. दुसऱ्यांदा आलं की सरकारी परिपत्रक वाटतं. ‘एल एचो दे के’ने (‘अमुक झालं ही गोष्ट’) वाक्य सुरू केलंत तर पुढे बहुतेक वेळा सब्जंक्टिव्ह (इच्छा, शंका अशा ठिकाणी येणारा क्रियापदाचा वेगळा अर्थ) लागतो, तो घाईत विसरतो.

झेरॉक्स क्लासमध्ये अजून वाटतात, असं नव्या बॅचची एक मुलगी परवा म्हणाली. तिला मी माझी नामांची वही देऊन टाकली.