अधिक अधिक उणे

डिसेंबरातली संध्याकाळ. भुसावळहून यावलकडे येताना एखाद्या मळ्यात कापसाच्या काड्या पेटलेल्या असतात. धूर काचेच्या फटीतून आत शिरतो आणि माझ्या तोंडाला पाणी सुटतं. त्या काड्यांवर भाजायचं भरताचं वांगं अजून दिसलेलंही नाही. बडगीत मिरच्या ठेचल्या जातायत, कळण्याची भाकरी तव्यावर आहे, हे सगळं तोंड परस्पर ठरवून मोकळं होतं.

जेवणाच्या नुसत्या इशाऱ्याने लाळ गाळणारा पावलॉव्हचा कुत्रा, दुसरं काय!

घोडं अडतं ते एप्रिलमध्ये. शेत साफ करताना त्याच काड्या, तोच धूर. पण मी काच वर करतो, आणि तोंडाला कोरड. नुसत्या थंडीनेही काही होत नाही, फार तर स्वेटर आठवतो. मग माझ्या डोक्यात नोंदलंय तरी काय? धूर, थंडी, अंधार असे सुटे सुटे इशारे, की सगळ्याचं मिळून एकच गाठोडं?

मानसशास्त्रज्ञांचं यावर जुनं भांडण आहे. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांचं 1972 चं सूत्र बेरजेचं. प्रत्येक इशाऱ्याचे आपापले गुण, एकत्र आले की मिळवायचे. एप्रिलच्या उन्हाला उणे गुण द्या, हिशेब जुळला. जॉन पियर्सने 1987 मध्ये गाठोड्याची बाजू घेतली. अख्खं चित्र एकच, आणि समोरचं त्याच्याशी जेवढं मिळतंजुळतं तेवढा प्रतिसाद.

मी पियर्सच्या बाजूचा, कारण शिकरण. पिकल्या केळ्याचा वास आला की मी घडापाशी. दुधावरच्या सायीपायी तर लहानपणी मार खाल्लाय. पण दोन्ही एका वाटीत आले की पोटात ढवळतं. अधिक आणि अधिक मिळून उणे! नुसत्या सुट्या गुणांची बेरीज करून हे निघणार कसं? (केळीच्या पट्ट्यातला जावई शिकरण खात नाही, ही सासरी किती वर्षं बातमी होती!)

माणसांची आणखी एक गंमत. शँक्स आणि डार्बी यांच्या 1998 च्या प्रयोगात लोकांनी ओळखायचं होतं, अमुक खाल्लं तर कल्पित रुग्णाला ॲलर्जी होईल का. काहींनी ‘जोडी सुट्याच्या उलट वागते’ हा नियमच उचलला आणि न पाहिलेल्या जोड्यांनाही लावला.

भाच्याला हे कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, “मामा, तुम्हाला कारलं आवडत नाही, गिलकंही नाही. मग दोन्ही एकत्र खाऊन पाहा ना!”

बहीण स्वयंपाकघरातून ऐकत होती. रात्री ताटात तीच भाजी.