पापुद्रा काढल्याशिवाय कांद्याच्या रिंग्ज नकोत

जून लागला की वैजापूर तालुक्यातील मामांच्या चाळीतून कांद्याची एक गोणी आमच्या परभणीच्या घरी येते. उन्हाळ्यात काढून, नीट सुकवून चाळीत भरलेला हा कांदा घट्ट आणि कोरडा असतो. खरिपाच्या लाल कांद्यात पाणी जास्त असते, त्यामुळे तळणासाठी मी उन्हाळी कांद्याचीच वाट पाहते. पहिल्या पावसाला भजी ठरलेली असतातच, पण गेली दोन वर्षे भाच्यांच्या आग्रहामुळे ऑनियन रिंग्जही होऊ लागल्या आहेत.

भज्यांचा हिशेब रिंग्जना लावू नये, हे मला अनुभवाने कळले. भज्यांसाठी आपण चिरलेल्या कांद्याला मीठ चोळून पाणी सुटू देतो आणि त्या पाण्यातच बेसन कालवतो. रिंग्जमध्ये मात्र तेच पाणी घात करते. माझ्या पहिल्या घाण्यात अर्ध्या रिंग्जचे आवरण तेलातच सुटले, आणि ज्या शाबूत निघाल्या त्यांचा घास घेताच आतला कांदा अख्खा ओढला जाऊन हातात नुसते पोकळ कडे उरत होते. दोष पिठाचा असेल असे समजून मी पीठ घट्ट केले, तरी फरक पडला नाही.

खरे कारण कांद्यातच होते. एका कडीच्या आतल्या कडेवर नख फिरवून पाहावे. ओल्या पतंगाच्या कागदासारखा एक पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. तो गुळगुळीत असल्याने त्यावर पीठ धरत नाही, आणि चिवट असल्याने दातांनी सहज तुटत नाही. म्हणून कांद्याच्या बोटभर रुंदीच्या चकत्या करून, कड्या सोडवून त्या पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात. पापुद्रा सैल होतो आणि आपल्या कांद्याचा उग्रपणाही थोडा उतरतो. मग एकेका कडीचा पापुद्रा काढून त्या सुती कापडावर अगदी कोरड्या कराव्यात. हे काम वेळखाऊ आहे, परंतु ते टाळून चांगली रिंग होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तीन मोठ्या कांद्यांसाठी अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, पाव चमचा बेकिंग पावडर, तिखट आणि मीठ घ्यावे. ज्वारीत ग्लूटेन नसल्यामुळे आवरण चिवट न होता खुसखुशीत होते. मात्र ती एकटी धरून राहत नाही, म्हणून मैद्याची जोड हवी. भिजवण्यासाठी फ्रीजमधला प्यायचा साधा सोडा पाऊण वाटीपासून अंदाजाने घालावा आणि गुठळ्या थोड्या राहिल्या तरी फार घोटू नये, कारण घोटल्याने मैद्याचा चिकटपणा वाढतो. कडी आधी कोरड्या मैद्यात घोळवून मग पिठात बुडवावी. तेल साधारण 180 अंशांवर असावे. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकताच तो लगेच बुडबुडत वर आला पाहिजे. एका वेळी चार-पाचच सोडाव्यात, नाहीतर तेल निवते आणि रिंग्ज तेल पितात. झाऱ्याचा हलका धक्का लागताच कोरडा, टणक आवाज आला की त्या काढून जाळीवर ठेवाव्यात. कागदावर ठेवल्यास खालची बाजू वाफेने मऊ पडते.

सोबतच्या डिपसाठी मेयॉनीज आणण्याची गरज नाही. दही तीन-चार तास फडक्यात टांगून केलेल्या वाटीभर चक्क्यात दोन चमचे कारळाची चटणी, ठेचलेली लसणाची एक पाकळी, मीठ आणि वरून चमचाभर कच्चे करडईचे तेल घालावे. कारळाच्या खमंग, किंचित कडसर चवीपुढे कांद्याचा गोडवा फार उठून दिसतो.

चकत्यांच्या मधल्या, रिंग होण्याइतक्या मोठ्या नसलेल्या कड्या आई वेगळ्या काढून ठेवते आणि रात्रीच्या पिठल्याला त्यांचीच फोडणी देते.