वळणावरची गाडी

दुपारी जेवून जरा लवंडले होते, तेवढ्यात भाचीचा फोटो आला. दूधसागर. कड्यावरून पांढरंशुभ्र पाणी सुटलंय आणि मधल्या पुलावरून निळ्या डब्यांची गाडी चाललीय. खाली मजकूर: "मावशी, आम्हांला अगदी असंच बघायचंय. स्लीपरचं काढतेय. डावी बाजू घेऊ की उजवी?"

रेल्वे डावी-उजवी विचारत नाही गं बाई. लोअर, मिडल, अप्पर, साइड. खिडकी कुठल्या अंगाला येईल ते ज्याचं त्याचं नशीब. पण खरी गंमत पुढेच आहे. पुण्याहून दुपारी सुटणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, लोंढा करत कॅसलरॉकचा घाट उतरते ती अपरात्री. तीनशे मीटरचा धबधबा शेजारी कोसळत असतो आणि अख्खा डबा घोरत असतो. एखादा जागा असलाच तर अंगावर तुषार आले म्हणून तो खिडकी पाडतो. तेव्हा तिला कळवलं, जाताना झोपा, येताना बघा. परतीची गाडी वास्कोहून दुपारी निघते, घाट उजेडात चढते.

तिचा अंगठा आला. माझी झोप मात्र गेली. "अगदी असंच" कसं दिसणार? फोटोत गाडी आहे! गाडीत बसलेल्याला गाडी कुठे दिसते? त्याला दिसतो ओला कातळ, पाण्याचा एक पट्टा आणि खिडकीशी घुसलेल्या शेजाऱ्याचं कोपर. रत्नागिरीजवळचा पानवल पूलही तसलाच. ६४ मीटर उंच. दरीतून काढलेला फोटो बघून छाती दडपते. वरून जाताना चाकांचा आवाज जरा पोकळ होतो, झाडं एकदम पायाखाली जातात, कोणीतरी "आला, आला" म्हणेपर्यंत पुन्हा लाल मातीची भिंत. पुढेमागे करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर नुसता काळोख. निसर्गरम्य मार्गाच्या जाहिरातीत तो कोणी छापत नाही, तिकिटात मात्र धरलेला असतो.

आपली गाडी आपल्याला दिसण्याची एकच जागा: वळण.

बाबांच्या ऑफिसची एलटीसी, म्हणजे रजेतल्या प्रवासाचं भाडं, मिळायची तेव्हा आम्ही कन्याकुमारीला गेलो होतो, दोन रात्रींचा प्रवास. फिरकीचा तांब्या, दशम्या, लसणाची चटणी, फुंकून फुंकून गाल दुखवणारी हवेची उशी. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागली. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, एकट्या इंजिनाचं ते काम नाही, हे बाबांनी वडापाव खाता खाता सांगितलं. मला त्यातलं एवढंच कळलं की आपल्याला पुढून कोणी ओढतंय आणि मागून कोणी ढकलतंय. मग घाटात गाडी वळली आणि गजांना गाल चिकटवून बसलेल्या मला आमचं इंजिन दिसलं. आमचं! जे आपण ऐकतोय तेच ते. मी ओरडले, डब्यातली सगळी पोरं त्या बाजूला धावली, आई ओरडली. बोगदा आला. बाहेर पडल्यावर पुढच्या वळणाला इंजिन पलीकडच्या बाजूला गेलं होतं. तिथल्या काकू खिडकीत बसू देईनात.

सोलापूरनंतर सगळं सपाट आणि सरळ. काळी जमीन, लांबवर एखादं बाभळीचं झाड. मी रुसून वरच्या बर्थवर गेले. बाबा मात्र खिडकीतून तितक्याच मन लावून बघत होते. त्यांना काय दिसत होतं ते मी कधी विचारलं नाही.

तेव्हापासून मला साइड लोअर लागते. आठाच्या पाढ्यातून एक वजा करायचा: ७, १५, २३, ३१. लोक ती टाळतात. येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के लागतात, दोन बैठकी जोडून केलेल्या बर्थची मधली फट पाठीला रुतते, दिवसभर वरचा प्रवासी समोर बसून शेंगा सोलतो. सोलू दे. खिडकी अख्खी आपली असते. एसीचा विषय माझ्याकडे काढू नये. पिवळट काचेतून सह्याद्री बघायचा तर घरचा टीव्ही काय वाईट?

मागे एकदा गोव्याहून अशीच साइड लोअरवर येत होते. कुळेम सुटलं, चढ लागला, डब्यातले सगळे मोबाइल उगारून खिडक्यांशी. एका वळणावर गाडी दिसली. इंजिनाआधी डोळ्यांत भरले ते त्याच्यामागचे जनरल डबे. दारांत पोरं बसलेली, पाय बाहेर सोडून, पायरीवरही दोघं. आमच्या डब्यातून कोणीतरी हौसेनं हात हलवला, मग सगळ्यांनीच. एकानंही उलट हात केला नाही. हात दांड्याला होते.

आमच्याकडे रात्री दहाला मिडल बर्थ वर गेले, दिवे गेले. ती गाडी पुण्याला संपत नाही, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा करत पार दिल्लीपर्यंत जाते. त्यातलं कोण कुठे उतरणार होतं कोण जाणे. तोवर दारातल्यांना डोळा लागून चालणार नव्हतं.