तुम्ही विचारलंत म्हणून: माणसांची डॉक्टर का नाही झाले?

लग्नात जेवायला बसलं की कुणीतरी विचारतंच, "एवढे मार्क होते, तर माणसांची डॉक्टर का नाही झालीस?" बारावीच्या मुलांचे आईवडील जरा सभ्यपणे विचारतात, "मॅडम, अवघड काय, एमबीबीएस की व्हेटर्नरी?" आणि माझ्या मोठ्या भावाकडे बघतात. दादा एमडी आहे, तालुक्याच्या गावी त्याचं छोटं हॉस्पिटल आहे. तिथून बावीस किलोमीटरवर श्रेणी १ च्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांची सरकारी डॉक्टर. एकाच घरात दोन्ही नमुने असल्यानं लोकांची सोय होते.

अभ्यासाचं आधी उरकते. दोन्हीकडे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, प्रवेशही आता दोन्हीकडे नीटवर. दादानं एकाच शरीराची हाडं पाठ केली. मी शिरवळच्या कॉलेजात गाय, घोडा, कुत्रा, कोंबडी अशी घाऊक केली. औषधांचा हिशोब प्रत्येकाचा निराळा. झायलाझिन नावाचं गुंगीचं औषध घोड्याला लागतं त्याच्या दहाव्या हिश्शात गाय आडवी होते. आपण ताप आला की घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. डायक्लोफिनॅक दादा आजही पाठदुखीला लिहून देतो, जनावरांसाठी मात्र ते २००६ मध्ये बंद झालं. गाईला त्यानं काही होत होतं म्हणून नाही. औषध दिलेली गाय मेली की तिला खाऊन गिधाडं मरत होती म्हणून.

"जनावर बोलत नाही, मग तुम्हाला कळतं कसं?" हा त्याच्या पाठोपाठचा प्रश्न. जनावर बोलत नाही म्हणून माझं फारसं अडत नाही. रवंथ थांबलेलं, कान गार पडलेले, शेणाचा रंग, उभं राहायची ढब, ते सगळं सांगत असतं. अडतं ते मालक बोलतो त्यानं. "आज सकाळपासनंच खाईना" म्हणजे चार दिवस झालेत असं धरायचं. मधे कुणीतरी दोन इंजेक्शनं टोचून गेलेला असतो. कोणती, असं विचारलं की मालक गोठ्याच्या पत्र्याकडे बघायला लागतो. दादाचा पेशंट स्वतः बोलतो, आणि दारूचं विचारलं की "कधीतरी" म्हणतो. इथे आम्ही बरोबरीत आहोत.

अंगमेहनतीत मात्र बरोबरी नाही. म्हैस अडली म्हणून रात्री दीड वाजता फोन येतो. हात घालून बघावं तर गर्भाशयाला पीळ. मग म्हशीला पिळाच्या कुशीवर पाडायचं, पाय बांधायचे, पोटावर फळी ठेवून तिच्यावर एक माणूस उभा करायचा आणि आठदहा जणांनी मिळून म्हशीला पिळाच्याच दिशेनं उलटवायचं. मग परत हात घालून बघायचं, आणि सुटला नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा मी हे करायला गेले तेव्हा एक आजोबा म्हणाले, "बाईमाणूस आलंय, दुसरं कोण नाही का?" पहाटे रेडकू उभं राहिल्यावर त्याच आजोबांनी माझ्या हातावर बादलीनं पाणी ओतलं. वर काही बोलले नाहीत.

दादाला माझा हेवा वाटतो तो दुग्धज्वराच्या केसचा. नावात ज्वर असला तरी अंग उलट गार पडलेलं असतं. व्यालेली गाय मान पोटाकडे वळवून पडलेली, घरातली बाई रडत असते. शिरेतून कॅल्शियम हळूहळू सोडायचं. बाटली संपेपर्यंत गाय थरथरते, शेण टाकते आणि बऱ्याचदा तिथल्या तिथे उठते. दादाच्या ओपीडीत शुगर आणि बीपी. त्यातलं कुणी बरं होऊन जात नाही, पुढच्या महिन्यात परत येतं. "बरा झाला असं म्हणून वर्षात किती जणांना निरोप देतो, मोजायला हवं," म्हणाला होता एकदा.

आता अवघड काय, ते सांगते. माझ्या पेशंटला किंमत असते आणि ती गोठ्यात सगळ्यांना माहीत असते.

सत्तर हजारांची एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीची गाय होती, दुसऱ्या वेताची. चाऱ्यातून तार पोटात गेली होती. नुसती पोटात असती तर डाव्या कुशीत कापून काढता आली असती. पण गळ्याखालची पोळी सुजलेली, मानेची शीर दोरखंडासारखी फुगलेली. म्हणजे तार पुढे सरकून हृदयाच्या आवरणात शिरली होती. मालकानं विचारलं, "मॅडम, तुमची असती तर काय केलं असतं?" हा प्रश्न आम्हाला कायम येतो आणि त्यात पैशाचा हिशोब असतो. मी खरं सांगितलं: खर्च केला नसता. त्यानं मान हलवली. त्याची बायको दावणीपाशी उभी होती. ती गाय तिनं कालवड असल्यापासून वाढवलेली. "औषध तर द्या काहीतरी," एवढंच म्हणाली. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी गाय गेली. ती बाई आजही बाजारात भेटते, शेळ्यांचं विचारते.

दादाच्या आयसीयूबाहेर हाच प्रश्न उभा असतो, पण तो तोंडातून काढायचा नसतो. ऐंशीच्या पुढचे वडील, व्हेंटिलेटर, आणि रान विकायची तयारी दाखवणारा मुलगा. उपचार थांबवण्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धतही सोपी केली. तरी "आता थांबूया" हे वाक्य दादाला अजून नीट म्हणता येत नाही. म्हटलं तर डॉक्टरनं हात वर केले, नाही म्हटलं तर बिल वाढवलं. एकदा त्याच्या रिसेप्शनची काच फुटली ती अशाच दोन वाक्यांच्या मधे. मला गोठ्यात खर्चाचं बोलावं लागतं म्हणून झोप येत नाही, त्याला ते बोलता येत नाही म्हणून. मला विचाराल तर त्याचं जास्त अवघड आहे. हे त्याला अजून सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

दोन वर्षांपूर्वी मला रोज संध्याकाळी ताप यायला लागला. घाम, सांधेदुखी. दादानं व्हायरल म्हटलं, मग टायफॉईड. तिसऱ्या आठवड्यात मीच म्हटलं, "ब्रुसेलाची तपासणी कर." ब्रुसेला म्हणजे गाईंचा गर्भ पाडणारा जंतू, वारेतून आणि कच्च्या दुधातून तो माणसातही येतो. गाभडलेल्या, म्हणजे अवेळी गर्भ पडलेल्या गाईची अडकलेली वार काढताना हातमोजा फाटला होता. तपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सहा आठवडे. सख्ख्या बहिणीला 'काम काय करतेस' हे विचारायचं राहून गेलं, हे दादाला फार लागलं.

तेव्हापासून रेंगाळलेल्या तापाच्या प्रत्येक पेशंटला तो विचारतो, "घरी जनावरं आहेत? कुठली गाय गाभडली होती का?" गेल्या महिन्यात त्याचा फोन आला: एक बाई हो म्हणतेय, जाऊन बघ. गेले. चार गाई, एक सातव्या महिन्यात गाभडलेली. चौघींचं रक्त घेतलं. दूध उकळून पिता का, विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "चहाला उकळतो. पोरांना मात्र धारोष्ण, ताकद येते."

पोरं किती, ते विचारलं. तीन. तिथूनच दादाला फोन लावला.